एक जूनची मुलगी

मुख्याध्यापिका मिसेस पेनरोजनी पासपोर्ट दोनदा उघडला. एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा माझ्या शेजारी बसलेल्या माझ्या मुलीकडे, ऋजुताकडे. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. नवे काळे बूट खुर्चीखाली लोंबकळत होते आणि ती ते एकमेकांवर हलकेच आपटत होती.

"एक जून एकोणीसशे त्र्याऐंशी," बाईंनी तारीख वाचली. "म्हणजे नऊ वर्षं पूर्ण. हे बरोबर आहे ना?"

टेबलाखाली कुमुदनं, माझ्या बायकोनं, माझ्या बुटावर पाय ठेवला आणि दाबला.

"बरोबर आहे," मी म्हणालो.

"चणीनं फारच लहान दिसते."

"आमच्याकडची मुलं अशीच असतात. उंची उशिरा धरतात."

खोटं बोललो ते बोललोच, वर एका वाक्यात अख्ख्या मुलखातली पोरं बुटकी करून टाकली. मिसेस पेनरोज हसल्या नाहीत. त्यांनी तारीख फॉर्मवर उतरवून घेतली.

ही गोष्ट मस्कतची, ब्याण्णवच्या ऑगस्टमधली. मी तिथे समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर होतो. सात वर्षं एकट्यानं भात-आमटी रांधून काढली आणि त्या वर्षी मला मॅनेजरची ग्रेड मिळाली. ग्रेडबरोबर दोन खोल्या वाढल्या, बायको-मुलीचा व्हिसा झाला आणि मुलीला ब्रिटिश शाळेत घालायचा हक्क मिळाला. हक्क मिळाला की तो बजावलाच पाहिजे, असा तेव्हा माझा स्वभाव होता.

कुमुदला ती शाळा नको होती. ऋजुता तासगावजवळच्या आमच्या गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरी पास होऊन आली होती. इंग्रजीत तिला ए बी सी डी आणि 'थँक यू' एवढंच येत होतं. मस्कतला भारतीय शाळा होती, तिथे महाराष्ट्र मंडळातल्या आठ-दहा घरांतली मुलं होती, शिकवायला शिरोडकरबाईंसारखी ओळखीची माणसं होती. तिथे दाखला बघून सरळ चौथीत बसवतील, पोरगी रुळेल, असं कुमुदचं म्हणणं. तिचं म्हणणं मला बायकी वाटलं. कंपनीतल्या मॅनेजर लोकांची मुलं टाय लावून ब्रिटिश शाळेच्या बसमध्ये चढताना मी सात वर्षं पाहत होतो. मी म्हणालो, आपली तिथे का नको?

आता तारखेचं सांगायला हवं, कारण सगळं तिथेच आहे.

ऋजुता खरी जन्मली एकोणीस ऑक्टोबर चौऱ्याऐंशीला, दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, कुमुदच्या माहेरी, घरीच. नोंद करायची राहून गेली. माझे वडील, अण्णा, आमच्या गावच्या शाळेचे हेडमास्तर. मी परदेशी, त्यामुळे सून आणि नात त्यांच्यापाशी. नात साडेचार वर्षांची असताना पेपरातले मथळे मोठ्यानं वाचून दाखवायला लागली आणि अण्णांना दम धरवेना. पहिलीत घ्यायला सहा पूर्ण लागायची. रजिस्टर त्यांच्याच टेबलावर, पेन त्यांच्याच खिशात. त्यांनी लिहिलं, एक जून त्र्याऐंशी. मला पत्र आलं, "चि. ऋजुतास पहिलीत दाखल केले आहे. तारीख नेहमीची लावली आहे." पुढे पासपोर्टला तोच दाखला जोडला.

नेहमीची म्हणजे काय, हे आमच्या पिढीच्या माणसाला सांगावं लागत नाही. जन्माची नोंद नसली की मास्तर एक जून लावायचे; माझीही तारीख तीच. मी खरा श्रावणातला, एवढं आई सांगायची. वर्षाबद्दल तिचीच खात्री नव्हती. आमच्या खात्यात चौघे एक जूनचे होते. एकदा आमच्या इंग्रज साहेबानं यादी बघत विचारलं की तुमच्या देशात एक जूनला काही असतं का. चौघेही हसलो. मी म्हणालो, योगायोग. खरं सांगायला दोन मिनिटं लागली असती, पण साहेबापुढे आपलं घर कशाला उघडं करा, असं वाटलं.

अण्णांनी नातीला कागदावर सोळा-सतरा महिन्यांनी मोठी केली होती. गावच्या शाळेत त्यानं काही बिघडलं नाही, उलट ती पहिली यायची. पण मिसेस पेनरोजच्या शाळेत वर्ग वयावर ठरत होता. मागे काय शिकलात, किती मार्क पडले, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. नऊ वर्षं पूर्ण असतील तर पाचवं वर्ष. बाईंनी तसं सांगितलं आणि माझी छाती फुगली. तिसरी पास झालेली पोर एका उडीत पाचवीत! मी त्याच आठवड्यात अण्णांना कळवलं. त्यांनी गावात पेढे वाटले.

प्रवेशाच्या त्या दिवशी ऋजुता खरी सात वर्षं दहा महिन्यांची होती.

शाळेत कुणी विचारलं तर नऊ सांगायचं, हे मी तिला घोकून घेतलं. तिला त्याची गंमत वाटली. आपली दोघांची तारीख एक म्हणून ती खूश होती. "बाबा, आपला दोघांचा कागदावरचा वाढदिवस," असं म्हणायची.

पहिले काही दिवस ती वर्गातल्या गमती सांगत घरी आली. मग कमी सांगायला लागली, मग नुसतंच दप्तर ठेवायची. वर्गातल्या मुली तिच्यापेक्षा वीतभर उंच. त्यांचं आपसात मैत्रिणी-मैत्रिणींचं राजकारण चाललेलं, आणि ही अजून बाहुलीला शाल गुंडाळणारी. पोहण्याच्या तासाला सगळ्या खोल पाण्यात जायच्या, हिला एकटीला उथळ कोपऱ्यात फळी धरून उभं करायचे. भागाकार त्या वर्गानं दोन वर्षांपूर्वीच संपवला होता. हिला गणित कळत नव्हतं की गणिताचं इंग्रजी, हे तिलाही सांगता येत नव्हतं.

डिसेंबरात कुमुदनं ऋजुताची अंथरुणं दुसऱ्यांदा वाळत घातली तेव्हा मला गॅलरीत बोलावलं. चार वर्षांची असताना सुटलेली सवय परत आली होती.

"अहो, त्या बाईंना जाऊन खरं सांगा," ती म्हणाली.

मी म्हणालो, पासपोर्टवर खोटी तारीख आहे म्हणून सांगू? इथे व्हिसा, रहिवासाचं कार्ड, कंपनीची कागदपत्रं, सगळ्यांवर तीच तारीख. उद्या फसवणूक म्हणून परत पाठवलं तर? कुमुदला कागदपत्रांतलं कळत नव्हतं आणि तिला ते कळत नाही हे मला माहीत होतं. ती अंथरुणं उलटवायला लागली. खरं म्हणजे मलाही कळत नव्हतं. मी कुणाला विचारलंच नाही. विचारलं असतं तर कदाचित मार्ग निघाला असता, आणि मग माझ्यापाशी कारण उरलं नसतं.

फेब्रुवारीत शाळेचं पत्र आलं. आई-वडील दोघांनी भेटायला यावं. मी कुमुदला म्हणालो, नेहमीचीच मीटिंग आहे, तू नको. गेल्या वेळचा तिचा पाय माझ्या लक्षात होता.

ऋजुताला त्यांनी वर्गातून बोलावून ऑफिसबाहेरच्या बाकावर बसवलं होतं. मला बघून ती उठायला लागली, मी खुणेनंच बस म्हटलं. मिसेस पेनरोजनी स्वतः उठून दार लावलं.

टेबलावर एक चित्र होतं. वर्गात सगळ्यांना आपापल्या वाढदिवसाचं चित्र काढायला सांगितलं होतं. ऋजुतानं केक काढला होता, शेजारी कुमुद, मी, अण्णा आणि तिची गावची म्हैस. केकवर आठ मेणबत्त्या होत्या.

बाई सांगायला लागल्या की शिक्षिकेनं तिला आठ का म्हणून विचारलं तर ती सहज म्हणाली, मी आठ वर्षांची आहे, दिवाळीत झाले. मग एकदम तोंडावर हात ठेवून रडायला लागली आणि नऊ, नऊ, असं म्हणत राहिली.

मी चित्रातल्या म्हशीकडे बघत होतो.

"मिस्टर बोंद्रे," बाई हळू आवाजात म्हणाल्या, "मी पंचवीस वर्षं शिकवते आहे. नैरोबीत होते, कराचीत होते. कागदावरच्या तारखा कशा पडतात ते मी पाहिलंय. मला तुमच्याकडून एकही कागद नको. पासपोर्टला मी हात लावणार नाही. कुणाला कळवणार नाही. तुम्ही फक्त तोंडानं सांगा की तारखेत चूक आहे. उद्या सकाळी मी तिला तिच्या वयाच्या मुलांत बसवते."

असं कुणी सांगितल्यावर माणसाला आणखी काय हवं असतं? माझी सगळी कारणं त्या बाईंनी एका दमात निकालात काढली होती. व्हिसा गेला, कार्ड गेलं, कंपनी गेली. उरलं एवढंच की मी 'हो' म्हणायचं.

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या तोंडावर दया होती. त्या दयेनं माझं डोकं फिरलं. हिनं कराचीत पाहिलंय, नैरोबीत पाहिलंय, आणि आता तासगावातही तेच, असं मनात म्हणत असणार. आणि ती तारीख कुणी लिहिली, तर खुद्द हेडमास्तरनं. तालुक्यात ज्यांचं नाव घेतलं की लोक विडी विझवायचे, त्या माझ्या बापानं सरकारी रजिस्टरात खोटं लिहिलं, हे मी या बाईपुढे तोंडानं म्हणायचं होतं. अण्णा हजार मैलांवर होते. त्यांना हे कधी कळणारही नव्हतं. तरी माझ्या तोंडातून निघेना.

"माझे वडील हेडमास्तर आहेत," मी म्हणालो. "तारीख त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिली आहे. चूक होणं शक्य नाही."

"तुमची खात्री आहे?" बाईंनी पुन्हा विचारलं.

"पूर्ण."

त्यांनी चित्र उचलून फाइलमध्ये ठेवलं आणि खणातून दुसरा कागद काढला.

"मग मला दुसरं बोलावं लागेल," त्या म्हणाल्या. आता त्यांचा आवाज ऑफिसातला झाला होता.

शाळेकडे एक तज्ज्ञ यायच्या, त्यांनी ऋजुताची तपासणी केली होती. कागदावर लिहिलं होतं की या नऊ वर्षांच्या मुलीची समज, भाषा आणि आकडेमोड साधारण सात-आठ वर्षांच्या मुलाइतकी आहे. तिची शिकण्याची गती मंद आहे आणि तिला वेगळ्या वर्गाची गरज आहे. मी तो कागद दोनदा वाचला. त्यात एक अक्षर चुकीचं नव्हतं. त्या तज्ज्ञबाईंनी माझ्या मुलीचं वय अचूक सांगितलं होतं, फक्त त्याला आजाराचं नाव दिलं होतं.

खाली पालकाच्या संमतीची जागा होती. माझा बाप खोटा की माझी मुलगी मंद, एवढाच प्रश्न होता. मी खिशातलं पेन काढलं आणि सही केली.

बाहेर आलो तर ऋजुता बाकावर तशीच, हात मांडीखाली घालून बसलेली. मॅडम काय म्हणाल्या, तिनं विचारलं. मी म्हणालो, छान म्हणाल्या. मग तिला गाडीत घालून रुवी भागातल्या एका दुकानात नेलं आणि मोठा कप आईस्क्रीम घेऊन दिलं. तिनं ते अगदी पुरवून पुरवून खाल्लं. घरी कुमुदला मी सांगितलं की बाईंना सगळं बोलून बघितलं, पण शाळेचा नियम आहे, त्यांच्याच्यानं काही होत नाही. कुमुद पोळ्या लाटत होती, लाटत राहिली. चार वर्षांपूर्वी ती गेली, तोवर तिला ही एवढीच हकिगत माहीत होती.

वेगळा वर्ग म्हणजे व्हरांड्याच्या टोकाची एक खोली. ऋजुताशिवाय तिथे आणखी दोघं होती, त्यांतलं एक बोलतच नसे. तिथे रंगीत मणी ओवून बेरजा शिकवायचे. मुलं दार उघडं असलं की आत डोकावून जायची. दोन वर्षं तिनं तिथे काढली. मग माझी ग्रेड वगैरे सगळं मी बाजूला ठेवलं आणि तिला भारतीय शाळेत घातली, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. पेपरातले मथळे वाचणारी मुलगी आता वर्गात हात वर करत नव्हती. तिला कुणी चिडवलंय अशातलाही भाग नव्हता. आपण मंद आहोत हे तिनं चष्मा लागल्यासारखं मान्य करून टाकलं होतं. दहावीला सायन्सला जाण्याइतके मार्क पडले तर म्हणाली, नको बाबा, मला झेपायचं नाही, तुम्हाला माहीत आहे ना. मला माहीत होतं. तिनं ग्रंथालयाचा कोर्स केला, एका कॉलेजात चिकटली, लग्न झालं, जावई चांगला मिळाला. हिशेब, फॉर्म, प्रवासाची तिकिटं, काहीही आलं की ती नवऱ्याकडे सरकवते आणि हसून म्हणते, माझं डोकं तुम्हाला माहीत आहे.

दर एक जूनला मात्र तिचा न चुकता फोन यायचा. "बाबा, आपला कागदावरचा वाढदिवस."

गेल्या वर्षी मार्चमध्ये तिचा मधेच फोन आला. जावयाची नोकरी दोहाला, नात इरा पाच वर्षांची. तिला तिथल्या ब्रिटिश शाळेत घालायचं चाललं होतं. मी म्हणालो, भारतीय शाळा नाही का तिथे. ती म्हणाली, आहे, पण जागा नाही, आणि ही घराजवळ आहे. मग तिनं मूळ कामाचं काढलं.

"बाबा, मस्कतच्या शाळेचा तो माझा रिपोर्ट तुमच्याकडे असेल ना? तुम्ही कागद टाकत नाही म्हणून विचारते."

"कशाला हवाय?"

"फॉर्ममध्ये एक प्रश्न होता. घरात कुणाला शिकण्याची अडचण होती का. मी लिहिलं, हो, आईला. आता ते म्हणतात, असेल तर कागद पाठवा, म्हणजे इराकडे पहिल्यापासून लक्ष देता येईल. मी म्हटलं, लपवायला नको. आपण लपवायचं आणि सोसायचं पोरीनं, असं नको."

रिपोर्ट कपाटात होता. कुठल्या फाइलमध्ये आहे तेही मला माहीत होतं. मला म्हणता आलं असतं की सापडत नाही. तसं म्हणायला तोंड उघडलंही. पण इराचं नाव आलं होतं. एका खोट्या तारखेनं एक पिढी घेतली होती, आता ती पुढच्या पिढीच्या फॉर्मवर जाऊन बसली होती.

मी सांगितलं. अण्णांचं रजिस्टर, केक, आठ मेणबत्त्या, बंद दार, बाई काय म्हणाल्या, मी काय म्हणालो, सगळं सांगितलं. वयाचं तिला माहीतच होतं. आपली खरी तारीख कुणाला माहीत नसते? पण आपलं खरं वय आणि तो रिपोर्ट या दोन गोष्टी तिनं कधी एकमेकींशेजारी ठेवल्या नव्हत्या. मंद माणूस असले हिशेब घालायला जातच नाही. आणि बाईंनी विचारलं होतं, हे माझ्याखेरीज घरात कुणालाच माहीत नव्हतं.

तिकडे मागे इरा काहीतरी मोठ्यानं वाचत होती, ते ऐकू येत होतं.

"दोनदा विचारलं त्यांनी?" ऋजुता म्हणाली.

"हो."

"अण्णांना वाईट वाटेल म्हणून नाही सांगितलंत?"

"अण्णांना कळणारच नव्हतं गं."

"मग?"

लाज वाटली, असं मी म्हणालो. तिनं विचारलं, कुणाची.

"फॉर्म तर पाठवून झालाय," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, फोनवर ती एरवी बोलते तसाच होता.

"बाबा, मी त्या दिवशी बाहेर बाकावर बसले होते. तुम्ही बाहेर आलात आणि मला आईस्क्रीम खायला नेलंत. मोठा कप. मला वाटलं, मी पास झाले."

तिनं फोन ठेवला. त्यानंतरच्या एक जूनला मी सकाळपासून रात्रीपर्यंत फोन जवळ घेऊन बसलो होतो.